एक्लिप्समध्ये दिसणारे आयकॉन जार केल्यावर गायब होतात तेव्हा

"सर, एक्लिप्समध्ये सगळं दिसतंय. जार केली की बटणांवरचे आयकॉन गायब."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कोड बघायच्या आधीच माझे दोन प्रश्न ठरलेले असतात. चित्र कोणत्या ओळीने लोड केलंत? आणि जार उघडून आत पाहिलीत का? डिप्लोमाची मुलं प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या रात्री हे विचारतात. एखाद्या दुकानाचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणारे अनुभवी लोकही विचारतात. दुखणं दोघांचं एकच असतं, म्हणून एकदा मुळापासून लिहून ठेवतो. एक्लिप्स म्हणजे जावाचे प्रोग्राम लिहायचं आणि चालवायचं साधन, आणि जार म्हणजे ग्राहकाला द्यायला एकत्र बांधलेली प्रोग्रामची फाइल. उदाहरणं जावा आणि स्विंगची (खिडक्या आणि बटणं बनवायच्या जावाच्या लायब्ररीची) आहेत. जावाएफएक्स वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

बहुतेक वेळा कोडमध्ये ही ओळ असते:

न्यू इमेजआयकॉन("एसआरसी/इमेजेस/सेव्ह.पीएनजी")

इमेजआयकॉनला नुसती स्ट्रिंग दिली की तो तिला डिस्कवरच्या फाइलचा पत्ता समजतो. पत्ता ड्राइव्हपासून पूर्ण लिहिलेला नसेल, तर प्रोग्राम ज्या फोल्डरात उभा राहून सुरू झाला तिथून तो मोजला जातो. "इथून डावीकडे तिसरं घर" असं कुणी सांगितलं, तर ते घर कोणतं हे सांगणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. एक्लिप्स प्रोग्राम चालवतं तेव्हा तो प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरात उभा असतो, एसआरसी फोल्डर तिथेच शेजारी असतं, म्हणून चित्र सापडतं. ग्राहकाच्या मशीनवर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरून प्रोग्राम सुरू होतो, तेव्हा तो शॉर्टकटच्या 'स्टार्ट इन' रकान्यात लिहिलेल्या फोल्डरात उभा असतो. तिथे एसआरसी नावाचं काही नसतंच.

यात सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट अशी की इमेजआयकॉन याबद्दल चकार शब्द काढत नाही. फाइल नाही मिळाली तरी एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी चूक) येत नाही, कन्सोलवर ओळ येत नाही. रिकामा आयकॉन तयार होतो आणि बटण मोकळं दिसतं. खात्री करायची असेल तर त्या आयकॉनवर गेटआयकॉनविड्थ चालवा. उत्तर -१ आलं तर चित्र लोडच झालेलं नाही, आणि लेआउट, रंग, बटणाचा आकार यांत शोधण्यात अर्थ नाही.

मग पत्ता दुरुस्त करायचा का? नाही. इथेच लोक चुकीच्या रस्त्याला लागतात. एसआरसी काढून बघतात, मग बिन (कंपाइल झालेल्या फायलींचं फोल्डर) लावून बघतात, मग सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहितात, आणि शेवटी जारच्या शेजारी इमेजेसचं फोल्डर ठेवून मोकळे होतात. तो शेवटचा उपाय चालतो, पण कुणीतरी जार एकटीच पेन ड्राइव्हवर उचलून नेईपर्यंतच.

जार म्हणजे झिप. तिच्यात गेलेलं चित्र ही फाइल सिस्टिमच्या दृष्टीने फाइल राहतच नाही, तो त्या एका मोठ्या फाइलमधला तुकडा होतो. विंडोजला किंवा लिनक्सला त्याचा पत्ता माहीत नसतो. तो माहीत असतो क्लासलोडरला, म्हणजे जो तुमचे क्लास जारमधून काढून आणतो त्यालाच. तेव्हा चित्रही त्याच्याकडेच मागायचं:

यूआरएल पत्ता = मेनफ्रेम.क्लास.गेटरिसोर्स("/इमेजेस/सेव्ह.पीएनजी")
न्यू इमेजआयकॉन(पत्ता)

ही एक सवय लागली की या तक्रारींतल्या बहुतेक तिथल्या तिथे मिटतात. राहिलेल्या मात्र चिवट असतात. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

आधी जारमध्ये काय गेलंय ते बघा

गेटरिसोर्सला चित्र सापडलं नाही तर तो नल, म्हणजे 'काहीच नाही', देतो. तो नल इमेजआयकॉनला दिला की नलपॉइंटरएक्सेप्शन येतं. जावा १५ पासून त्या मेसेजमध्ये लोकेशन नल आहे असं स्पष्ट लिहून येतं. इमेजआयओ.रीडला नल दिलात तर "इनपुट इक्वल्स इक्वल्स नल" अशा मजकुराचं इल्लीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. दोन्हींचा अर्थ एकच: त्या नावाची वस्तू क्लासलोडरला मिळाली नाही.

अशा वेळी कोडला हात लावायच्या आधी टर्मिनल उघडून 'जार टीएफ' आणि पुढे जारचं नाव द्या. आत काय काय आहे त्याची यादी येते. विंडोजवर जारची प्रत करून तिचं एक्स्टेन्शन झिप केलंत तरी डबल क्लिक करून आत बघता येतं. यादीत चित्र नसेल तर चूक बिल्डची, म्हणजे जार बांधण्याची. असेल तर चूक नावाची किंवा पत्त्याची. अर्धा मिनिट लागतो, आणि अर्धं रान साफ होतं.

यादीत चित्र नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मावेन किंवा ग्रेडल, ही जार बांधून देणारी बिल्ड टूल्स. एक्लिप्सच्या साध्या जावा प्रोजेक्टमध्ये सोर्स फोल्डरात ठेवलेली चित्रंही क्लास फायलींबरोबर बिनमध्ये कॉपी होतात. त्यामुळे चित्रं पॅकेजच्या आत, जावा फायलींच्या शेजारी ठेवायची सवय लागते. तोच प्रोजेक्ट मावेनवर नेला की एसआरसी/मेन/जावामधून फक्त जावा फायली कंपाइल होतात आणि चित्रं मागेच राहतात. त्यांची जागा एसआरसी/मेन/रिसोर्सेस. त्याच्या आतलं सगळं जसंच्या तसं जारच्या मुळाशी जातं. म्हणून गेटरिसोर्सला पत्ता देताना त्यात 'रिसोर्सेस' हा शब्द येत नाही. रिसोर्सेस/इमेजेस/सेव्ह.पीएनजी या चित्राचा पत्ता फक्त /इमेजेस/सेव्ह.पीएनजी. नवीन मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण एक्लिप्समधल्या डावीकडच्या फोल्डरांच्या यादीत त्यांना 'रिसोर्सेस' डोळ्यांसमोर दिसत असतं.

सुरुवातीची तिरकी रेघ

क्लासवरच्या गेटरिसोर्सला दिलेलं नाव तिरक्या रेघेने सुरू होत असेल, तर शोध जारच्या मुळापासून होतो. रेघ नसेल तर त्या क्लासच्या पॅकेजपासून. मेनफ्रेम हा क्लास बिलिंग.यूआय पॅकेजमध्ये असेल आणि तुम्ही नुसतं "सेव्ह.पीएनजी" मागितलंत, तर तो बिलिंग/यूआय/सेव्ह.पीएनजी शोधतो.

क्लासलोडरवर गेटरिसोर्स चालवलात तर नियम उलटा. तिथे शोध नेहमी मुळापासूनच असतो आणि सुरुवातीला रेघ द्यायचीच नाही. दिलीत तर नल. एका जागचा चालणारा पत्ता दुसऱ्या जागी उचलून लावला आणि बंद पडला, असं दिसलं की आधी हे तपासा.

आणखी एक बारीक गोष्ट. गेटक्लास().गेटरिसोर्स असं लिहू नका, क्लासचं नाव लिहा. गेटक्लास हे चालू ऑब्जेक्टचा खरा क्लास देतं. उद्या कुणी दुसऱ्या पॅकेजमध्ये तुमच्या फ्रेमचा सबक्लास केला, तर रेघ नसलेलं नाव त्याच्या पॅकेजमध्ये शोधलं जाईल आणि तुमची चालती फ्रेम त्याच्याकडे मोडेल. तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसेल.

लहान आणि कॅपिटल अक्षरं

विंडोजवर Save आणि save यांत फरक होत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण जारमधल्या नावांना फरक होतो, लिनक्सवरही होतो. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये लहान असेल, तर विंडोजवर एक्लिप्समधून चित्र दिसेल, कारण तिथे क्लासलोडर बिन फोल्डरातल्या खऱ्या फाइलपर्यंत जातो आणि विंडोज दोन्ही नावं एकच मानतं. जार केली की नल. कॅमेऱ्यातून किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या चित्रांचं एक्स्टेन्शनच कधीकधी कॅपिटल अक्षरांत असतं आणि एक्स्प्लोरर ते लपवून ठेवतो, त्यामुळे नुसत्या नजरेने पकडता येत नाही. मी तर टीमला सांगूनच ठेवलंय की रिसोर्सच्या नावात फक्त लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर. स्पेस नको, देवनागरी नको.

प्रोग्राम सुरूच होत नाही

हा प्रकार सविस्तर सांगतो, कारण यात माझा एक पूर्ण दिवस गेला होता. एका पतसंस्थेच्या काउंटरवर आमचा प्रोग्राम होता. नवीन जार पाठवली, आणि तिथून फोन आला की डबल क्लिक केलं तर काहीच होत नाही. एरर नाही, खिडकी नाही. माझ्याकडे तीच जार उघडत होती.

विंडोजवर जारवर डबल क्लिक केलं की ती सहसा जावाडब्ल्यूने चालते, आणि त्याला कन्सोल नसतो. एक्सेप्शन आलं तरी ते छापायला जागाच नाही. तिथल्या क्लार्क ताईंना कमांड प्रॉम्प्ट उघडून 'जावा -जार' असं चालवायला सांगितलं. त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात खालच्या काही ओळी दिसत होत्या: नोक्लासडेफफाउंडएरर, आयकॉन्स हा क्लास इनिशियलाइझ करता आला नाही. मी क्लासच्या शोधात लागलो. क्लास तर जारमध्ये होता. जावाची आवृत्ती तपासली, जार पुन्हा बांधली, पुन्हा पाठवली.

संध्याकाळी पूर्ण मजकूर मागवला तेव्हा वर, स्क्रोल होऊन गेलेल्या भागात, खरी ओळ सापडली: एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर, आणि त्याच्या खाली कारण म्हणून नलपॉइंटरएक्सेप्शन. आयकॉन्स क्लासमध्ये सगळी चित्रं स्टॅटिक फील्डमध्ये, म्हणजे क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच भरल्या जाणाऱ्या जागांत, लोड होत होती. त्यातला एक पत्ता डिस्कवरून काढलेला होता आणि तो फक्त माझ्या मशीनवर बरोबर येत होता. स्टॅटिक फील्ड भरताना एक्सेप्शन आलं की जावा तो क्लास कायमचा निकामी ठरवतं. पहिल्या वेळी खरं कारण दिसतं, आणि त्यानंतर तो क्लास जिथे जिथे वापराल तिथे 'क्लास सापडला नाही' असा दिशाभूल करणारा मेसेज येत राहतो.

तेव्हापासून मी स्टॅटिक फील्डमध्ये चित्रं थेट लोड करत नाही. एक छोटी मेथड ठेवतो. तिला नाव द्यायचं, ती गेटरिसोर्स चालवते, नल आला तर न सापडलेल्या रिसोर्सचं पूर्ण नाव लॉग फाइलमध्ये लिहिते आणि एक साधा राखाडी चौकोन परत देते. एका बटणाचा आयकॉन दिसला नाही म्हणून काउंटरवर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं काम अडता कामा नये.

पत्ता बरोबर, तरी फाइल उघडत नाही

काही जण गेटरिसोर्स बरोबर वापरतात, पण मिळालेल्या यूआरएलमधून पुन्हा फाइल बनवायला जातात. एक्लिप्समध्ये ते चालतं, कारण तिथे यूआरएल फाइलचाच असतो. जारमध्ये तो 'जार:फाइल:' असा सुरू होतो आणि मध्ये उद्गारचिन्ह येतं. त्या चिन्हाच्या डावीकडे जारचा पत्ता, उजवीकडे आतल्या वस्तूचा. यातून यूआरआय काढून फाइलला दिलात तर 'यूआरआय इज नॉट हायरार्किकल' असा एरर येतो.

कुणी यूआरएलचा गेटपाथ घेऊन स्ट्रिंगशी झटापट करतं. तिथे दुसरा खड्डा आहे: यूआरएलमध्ये स्पेसच्या जागी %२० येतं आणि देवनागरी अक्षरांच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ येते. प्रोग्राम 'नवीन फोल्डर'मध्ये ठेवला की तो बंद, आणि 'Accounts'मध्ये ठेवला की चालू, अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच असतं. आपल्याकडे फोल्डरला मराठी नावं देणारे लोक भरपूर आहेत, आणि त्यांनी ती द्यावीतच. चूक आपल्या कोडची आहे.

फाइल मागूच नका. इमेजआयकॉन यूआरएल घेतो, इमेजआयओ.रीड यूआरएलही घेतो आणि इनपुटस्ट्रीमही. एखाद्या लायब्ररीला खरीखुरी फाइलच हवी असेल, तर गेटरिसोर्सॲझस्ट्रीमने वाचून फाइल्स.कॉपीने टेम्प फोल्डरात उतरवा आणि तिचा पत्ता द्या. याच कारणाने जारमधल्या फोल्डरची यादी लिस्टफाइल्सने मिळत नाही. आयकॉनची नावं कोडमध्ये किंवा एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवणं सरळ पडतं.

चित्र आहे, पण चित्रच खराब आहे

इमेजआयओ.रीडने एक्सेप्शन दिलं नाही, पण नल दिला, तर पत्ता बरोबर आहे आणि चित्राचा प्रकार त्याला ओळखता आलेला नाही. जावाबरोबर येणारं इमेजआयओ जेपीईजी, पीएनजी, जीआयएफ आणि बीएमपी वाचतं, जावा ९ पासून टिफही. वेबपी आणि एसव्हीजी वाचत नाही. वेबसाइटवरून उतरवलेल्या वेबपी चित्राचं नाव बदलून शेवटी पीएनजी लावलं, तर आतला मजकूर बदलत नाही. इमेज एडिटरमध्ये उघडून खरोखरच पीएनजी म्हणून सेव्ह करावं लागतं.

'अनसपोर्टेड इमेज टाइप' असं एक्सेप्शन आलं आणि चित्र जेपीईजी असेल, तर विचारा की लोगो कुठून आला. दुकानदार लोगो देतो तो बहुतेक वेळा फ्लेक्स किंवा व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडचा. छपाईसाठी तयार केलेली जेपीईजी बहुधा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या, रंगांत असते. ब्राउझरमध्ये ती छान दिसते, इमेजआयओ मात्र ती नाकारतं. आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, बदलून घ्या.

तिसरा प्रकार बिल्डमध्ये बिघडलेल्या चित्राचा. आवृत्तीचा क्रमांक आपोआप भरण्यासाठी रिसोर्सेसवर फिल्टरिंग चालू केलेलं असतं, आणि बिल्ड टूल चित्रही टेक्स्ट समजून वाचून पुन्हा लिहितं. मावेनचं रिसोर्सेस प्लगइन पीएनजी, जेपीईजी, जीआयएफ, बीएमपी आपणहून वगळतं, पण फॉन्टच्या फायली वगळत नाही. त्या यादीत आपण घालाव्या लागतात. ग्रेडलमध्ये सगळ्याच रिसोर्सेसवर फिल्टर लावलं तर पीएनजीही सुटत नाही.

ओळखायची खूण पक्की आहे. जारमधून चित्र बाहेर काढून हेक्स एडिटरमध्ये उघडा. खऱ्या पीएनजीचे पहिले आठ बाइट दशमान पद्धतीत १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असेच असतात. पहिल्या १३७ च्या जागी २३९, १९१, १८९ हे तीन दिसले, तर कुणीतरी ते यूटीएफ-८ टेक्स्ट म्हणून वाचून लिहिलंय. पीएनजी बनवणाऱ्यांनी १३ आणि १० ही जोडी मुद्दामच घातली आहे, ओळींच्या शेवटांची अदलाबदल झाली तर पहिल्याच बाइटांत पकडली जावी म्हणून. मला ही रचना फार आवडते.

थोडक्यात उरलेलं

खिडकी उघडताना चित्र दिसत नाही, पण खिडकीचा आकार बदलला की दिसतं: चित्र टूलकिटच्या गेटइमेजने घेतलंय आणि ते मागून सावकाश लोड होतंय. ड्रॉइमेजच्या शेवटच्या जागी नल न देता धिस द्या, किंवा इमेजआयओ.रीड वापरा, ते पूर्ण वाचूनच परत येतं. फक्त ते पेंटकंपोनंटच्या आत लिहू नका, नाहीतर प्रत्येक वेळी चित्र नव्याने वाचलं जाईल.

जावा ८ वरून पुढे गेल्यावर आयकॉन धूसर दिसू लागले: जावा ९ पासून विंडोजच्या डिस्प्ले स्केलिंगप्रमाणे सगळं मोठं होतं, त्यात तुमचं १६ पिक्सेलचं चित्रही ताणलं जातं. १६ आणि ३२ अशी दोन चित्रं बेसमल्टिरिझोल्यूशनइमेजमध्ये एकत्र द्या. खिडकीच्या आयकॉनसाठी सेटआयकॉनइमेजेसला वेगवेगळ्या आकारांची यादी देता येते.

मॉड्यूल (पॅकेजांचे बंदिस्त गट) वापरताय आणि एका मॉड्यूलमधून दुसऱ्यातलं चित्र मागताय: पॅकेजमधले रिसोर्स मॉड्यूलबाहेर दिसत नाहीत. ज्या मॉड्यूलमध्ये चित्र आहे त्यातल्याच एखाद्या क्लासच्या मेथडमधून ते मागा, किंवा ते पॅकेज ओपन्सने मोकळं करा.

भलत्याच लायब्ररीचा लोगो दिसतोय: दोन जारमध्ये मुळाशीच लोगो.पीएनजी आहे आणि क्लासपाथवर आधी येणारा जिंकतो. आपली चित्रं आपल्या पॅकेजच्या नावाच्या फोल्डरात ठेवा.

आणि दुकानदाराला स्वतःचा लोगो बदलता यायला हवा असेल, तर तो जारमध्ये ठेवूच नका. चालू जारमध्ये काही लिहायचं नसतं, आणि प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात साध्या युजरला लिहिण्याची परवानगी नसते. तो लोगो हा ग्राहकाचा डेटा आहे, त्याची जागा युजरच्या होम फोल्डरात. तिथे नसेल तरच जारमधला मूळ लोगो दाखवा.

माझ्या प्रोजेक्टमध्ये आता एक छोटी टेस्ट असते. ती आयकॉनच्या नावांची यादी घेते, प्रत्येकावर गेटरिसोर्स आणि इमेजआयओ.रीड चालवते, आणि कुठेही नल आला तर बिल्ड थांबवते. त्यानंतर जार एकटी उचलून 'नवीन जार तपासणी' अशा, म्हणजे मराठी आणि स्पेस असलेल्या नावाच्या फोल्डरात टाकतो, टर्मिनलमध्ये भलत्याच ड्राइव्हवर जाऊन तिथून तिचा पूर्ण पत्ता देऊन चालवतो, आणि प्रत्येक खिडकी एकदा उघडून बघतो. मगच ती ग्राहकाकडे जाते.